पुढे सरकवलेलं प्रस्थान

डोणगावच्या लेखी इंद्रभान विलायतेला गेला होता. प्रत्यक्षात तो खामगावला आत्याच्या ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

गाव काही खोटं बोलत नव्हतं. गावानं त्याला रीतसर पाठवलं होतं. आईनं हातावर दही दिलं, चुलत्यानं झेंडूचा हार घातला, शाळेच्या हेडमास्तरांनी युरोप खंडाविषयी चार शब्द सांगितले आणि एस.टी. हलली तेव्हा फाट्यापर्यंत पोरं मागे धावली. डेन्मार्क नेमकं कुठं आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. ते मावळतीकडे आहे, समुद्रापलीकडे आहे आणि तिथल्या गाई बादल्या भरभरून दूध देतात, एवढी माहिती गावाला पुरेशी होती.

इंद्रभानची माहितीही फार पुढे जात नव्हती. अकोल्याला शेतीची पदवी घेताना त्याच्या एका प्राध्यापकांनी त्याला डेन्मार्कमधल्या एका शेतीशाळेची वाट दाखवली होती. सकाळी गोठ्यात राबायचं, दुपारी वर्गात बसायचं. राहणं-जेवण त्यांच्याकडे, येणं-जाणं आपलं. दोन वर्षांच्या कांद्याचा पैसा बोटीच्या तिकिटात गेला, तोही बोटीच्या अगदी पोटातल्या, बिनखिडकीच्या बिछान्यासाठी. परदेशी चलन सरकार नावापुरतंच देत असे. तेव्हा जिथवर नातेवाईक आहेत तिथवर नातेवाइकांच्या दारातून जायचं आणि मुंबईत बोटीच्या आदल्या दिवशीच उतरायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

पण बोट सुटणार होती ऐन अमावास्येच्या सुमारास, आणि अमावास्येला त्याच्या वडिलांच्या, भगवंतरावांच्या, घरातून कधी कोणी परगावी गेलेलं नव्हतं. गावच्या जोशीबुवांनी त्यावर नेहमीची तोड काढली. चांगला दिवस पाहून त्यांनी प्रस्थान ठेवायला सांगितलं. पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि इंद्रभानचा एक रुमाल बांधायचा आणि ती पुरचुंडी जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ठेवली की माणूस निघाला असं धरतात. इंद्रभान स्वतःच पुरचुंडी घेऊन आत्याकडे आला, कारण तेवढीच वाट कमी होणार होती.

"एक ध्यानात ठेव," एस.टी.त चढताना भगवंतराव म्हणाले होते. "माह्या मनात नव्हतं, तरी मी हो म्हटलं. आता वापस येजो तो डेन्मार्क पाहूनच. मधूनच घरी आला तर प्रस्थान मोडलं. मंग पुन्हा नाव काढायचं नाई. मळा हाये आन तू हाये."

खामगावात चार दिवस राहून त्याला गाडी धरायची होती. तेवढ्यात तिकडे बोटीच्या वाटेवरच लढाई जुंपली. आत्याचे यजमान अर्जुनराव एका जिनिंगमध्ये तोलाईचं काम करत. कापसाचा हंगाम नसल्यामुळे ते दिवसभर तिथल्या रेडिओपाशी बसून असत. त्यांनीच बातमी आणली: युरोपला जायचा समुद्रातला कालवा बंद झाला, मधे बोटी अडकल्या. मागोमाग मुंबईच्या एजंटाची तार आली. बोट लांबणीवर, पुढची सूचना येईपर्यंत थांबा.

थांबा म्हणजे कुठं, हे तारेत नव्हतं. मुंबईत थांबायला पैसा नव्हता. घरी थांबायला परवानगी नव्हती. शेतीशाळेनं ऑगस्टअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्याला जाणार होती. म्हणून इंद्रभान ओसरीवर थांबला.

थांबण्याचंही एक शास्त्र असावं, पण ते त्याला येत नव्हतं. सकाळी उठल्यावर आपण प्रवासात आहोत की पाहुणे आहोत हेच त्याला उमजत नसे. पाहुणा म्हणावं तर आत्या त्याला पाणी भरायला सांगे. प्रवासी म्हणावं तर तो रोज त्याच नळावर जाई. ट्रंकेतला नवा कोट काढायचा की नाही? मेहकरच्या शिंप्यानं शिवलेले दोन पायजमे परदेशासाठी होते. ते खामगावात झिजवले तर चालतील का? पत्र लिहायला बसला तर पहिल्याच ओळीला अडे. 'मी इकडे सुखरूप आहे' असं लिहिलं तर इकडे म्हणजे कुठं?

एके दिवशी बाजारात त्याला डोणगावचा मोतीराम भेटला. मोतीरामनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"काऊन बे इंद्रभान? आलाही वापस?"

"नाई, अजून गेलो नाई."

"गेला नाई कसा? मी सोता तुले टाटा केला ना! अर्धा मैल पळालो मी गाडीमागं."

"हाव, पण बोट..."

"मंग तू हाये कुठी?"

"इथीच हाये."

"ते तर मले दिसून राह्यलं," मोतीराम म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तिकडच्या गाई पाह्यल्या का पण?"

इंद्रभाननं त्याला कालवा, लढाई, तार सगळं समजावलं. मोतीरामनं मान हलवत सगळं ऐकलं आणि जाताना म्हणाला, "असो. गावात काय सांगू? गेला म्हणून सांगू का आला म्हणून?"

मोतीरामनं आपल्या परीनं दोन्ही सांगितलं असणार, कारण आठवडा जायच्या आत अन्नपूर्णाबाई खामगावात आल्या.

त्या वांग्यांच्या पोत्यांबरोबर मालट्रकमध्ये बसून बाजाराला आल्या होत्या. दारात आईला पाहून इंद्रभान उठून उभा राहिला. त्या त्याच्या अंगावरून सरळ आत गेल्या आणि नणंदेसमोर बसल्या. पाठ मात्र त्याच्याकडे पूर्ण केली नाही.

"बाई, ह्या कैऱ्या घ्या. लोणच्याच्या हायेत."

"वहिनी, अवं पोरगं समोर उभं हाये. त्याच्याशी बोल ना."

"कशी बोलू बाप्पा? निघालेल्या माणसाले घरच्यानं हाक मारली का प्रस्थान मोडते. तुमीच इचारा. जेवते का धड?"

"जेवतो म्हणा," इंद्रभान म्हणाला.

"जेवते म्हणे," आत्यानं सांगितलं.

"मंग वाळला काऊन?"

"काळजीनं असंल."

"कायची काळजी? आयतं भेटून राह्यलं ना."

आत्या हसली. इंद्रभानला हसू येईना. हातभर अंतरावर बसलेली आई, तिच्या लुगड्याला मळ्यातल्या मातीचा वास, आणि मधे जणू समुद्र. तो दोन पावलं पुढे झाला.

"आई, मी घरी येऊ का?"

अन्नपूर्णाबाईंनी कैऱ्यांची पिशवी आधी झटकली, मग तिची घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली.

"बाई," त्या म्हणाल्या, "याच्या खाटेवर आता बियाण्याची पोती ठेवली हायेत. ह्याईनं सालदार ठेवला. सहदेव नाव हाये त्याचं. कामाले चांगला हाये. भाकरी मातर लय खाते."

मग त्यांनी जोशीबुवांचा निरोप सांगितला. प्रस्थान फार दिवस एका घरात राहिलं की शिळं होतं. उलट आणता येत नाही, पण पुढे सरकवता येतं. मावळतीकडे मलकापूरला इंद्रभानचा मावसभाऊ निवृत्ती रेल्वेत आहे; त्याच्याकडे न्यावं.

जाताना दारात त्या थांबल्या. "त्याले सांगजा, शर्टाची गुंडी तुटली हाये," एवढं बोलून त्या बाजाराकडे वळल्या.

इंद्रभान रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत राहिला. खाटेवर पोती ठेवली, म्हणजे घरी तुला जागा नाही असं आई म्हणाली का? की तुझी खाट रिकामी पाहवेना म्हणून पोती ठेवली? सालदार चांगला आहे, म्हणजे तुझ्यावाचून अडत नाही, खुशाल जा. की परका माणूस भाकऱ्या खातो आहे, तू ये? त्यानं आत्याला विचारलं.

"मले काय माहीत बाप्पा?" आत्या म्हणाली. "माय तुही हाये."

त्यानं अर्जुनरावांना विचारलं. अर्जुनराव म्हणाले, "पोरा, मी सांगू? तू घरी जाय. कालवा काही उघडत नाई. रेडिओच सांगून राह्यला."

"घरी गेलो तर बाबा पुन्हा पाठवणार नाईत, फुवाजी."

"मंग जाऊ नको."

हा सल्लाही त्याला मागच्या सल्ल्याइतकाच बरोबर वाटला.

दुसऱ्या दिवशी पुरचुंडी, ट्रंक आणि आत्यानं दिलेली ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची थप्पी घेऊन तो जलंबला गाडी बदलून मलकापूरला उतरला. डेन्मार्कच्या दिशेनं तो आणखी थोडा सरकला होता. तेवढी वाट कुणी सायकलवरही कापली असती.

निवृत्ती रुळांच्या देखभालीच्या गँगवर मुकादम होता. त्याचं क्वार्टर लायनीला इतकं लागून होतं की मेल गेली की फळीवरची भांडी वाजत. त्याची बायको चांगुणा दारातच म्हणाली, "या भाऊजी, या डेन्मार्कवाले! चहा घेता का तिकडचं काई?"

तिनं पुरचुंडी देवाच्या फळीवर ठेवली आणि इंद्रभानच्या शर्टाला गुंडी लावून दिली. इथं त्याचा गोंधळ कमी व्हायला हवा होता, कारण मलकापुरात त्याला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. पण समोरून दिवसातून कितीदा तरी मुंबईच्या गाड्या जात. प्रत्येक गाडी त्याला आपलीच वाटे आणि प्रत्येक गाडी त्याच्याशिवाय जाई. निवृत्तीबरोबर तो लायनीवर फिरे. दोन रुळांच्या जोडाला उन्हाळ्यात फुगायला जागा म्हणून फट ठेवतात, हे त्याला निवृत्तीनं दाखवलं. पेरण्या सुरू झाल्या होत्या. डब्यांच्या खिडक्यांतून लोक शेतांकडे पाहत होते, आणि शेतातली माणसं डब्यांकडे. आपण या दोहोंपैकी कुठल्या बाजूला आहोत हे त्याला ठरवता येईना.

एजंटाकडून काहीच कळेना, तेव्हा निवृत्ती म्हणाला, "अबे, फोन करून पाय ना." पोस्टात ट्रंक कॉल लावून इंद्रभान बाकावर बसला. नंबर लागला तेव्हा दुपार टळली होती. एजंट घाईत असला तरी माणूस भला होता.

"ऐका," तो म्हणाला, "तुमची बोट येत नाही. आफ्रिकेला वळसा घालून जाणारी एक आहे, पण तिचं भाडं जास्त आहे आणि ती दिवाळीच्या आधी सुटेल असं मी लिहून देणार नाही. नाहीतर तिकीट मोडा, पैसे परत घ्या. आणि तिसरं म्हणजे खोरमशहर."

"हे कुठं आलं?"

"इराणात. परवा संध्याकाळी बोट आहे. वर डेकवर जागा मिळेल, जेवण आपलं आपण न्यायचं. तिथून मोटारीनं तेहरान, मग तुर्कस्तान, मग आलंच तुमचं युरोप. स्वस्तात पडतं."

"लोक जातात का असे?"

"जातात की. आणि तिकडून इकडे रोज येतात, लांब केसांचे."

"पण पोचतात का?"

"पोचला नाही म्हणून परत येऊन कुणी भांडलेलं नाही. सांगा लवकर, तीन मिनिटं होत आली."

आजवर इंद्रभानचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. शाळा वडिलांनी, कॉलेज चुलत्यानं, डेन्मार्क प्राध्यापकांनी, निघायची वेळ जोशीबुवांनी. त्यानं पोस्टातल्या माणसांकडे पाहिलं. पोस्टमास्तर पाकिटांवर शिक्के मारत होते. एक म्हातारी मनिऑर्डरीसाठी अंगठा पुढे करून उभी होती. विचारावं असं तिथं कोणी नव्हतं.

पैसे परत घेतले तर घरी जाता येईल. कांद्याचा पैसा कांद्यात जाईल. खाटेवरची पोती पेरणीत आता रिकामी झालीच असतील.

"खोरमशहर," तो म्हणाला.

"काय?"

"खोरमशहर द्या."

क्वार्टरवर परत येऊन त्यानं निवृत्तीला सांगितलं. आपण नक्की काय मागितलं हे त्यालाच पटत नव्हतं. निवृत्तीनं आधी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, मग भिंतीवरची दिनदर्शिका.

"उद्या सकाळची गाडी धरा लागंल. आन उद्या काय हाये माहीत हाये का? अमावस."

"पण प्रस्थान ठेवलं हाये ना?"

"ठेवलं हाये, पण कायचं? त्या बोटीचं. तो मार्ग येगळा, ते देश येगळे. आता तू कुठल्या कुठी चालला. हे नवं जाणं हाये लेका. नव्या जाण्याले नवं प्रस्थान पायजे, आन ते घरून निघते. डोणगावले जाय, बुवाले इचार, चांगला दिवस पाय, मंग ये."

"डोणगावला गेलो की संपलंच, दादा."

"ते मले कळते. पण अमावसेले, अनोळखी मुलखात, असं मी तुले सोडलं आन काही झालं, तर मावशीले काय तोंड दाखवू?"

निवृत्तीचं म्हणणं तपासून पाहिलं तर त्यात कुठं चूक सापडत नव्हती. बोट वेगळी होती, वाट वेगळी होती, देश वेगळे होते. मग महिन्याभरापूर्वी तो जो निघाला तो कुठं निघाला होता? आणि ते निघणं चुकीच्या जागेचं असेल, तर आत्ता तो मलकापुरात कसा? अकोल्याला त्याला माती तपासायला शिकवली होती. नमुना कुठला, हे ठाऊक नसेल तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते. इथं नमुना तो स्वतःच होता.

चांगुणा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मागे न पाहताच विचारलं, "अवं, प्रस्थान बोटीचं ठेवतेत का माणसाचं?"

"माणसाचं," निवृत्ती म्हणाला.

"फडक्यात रुमाल कोनाचा हाये?"

"याचा."

"मंग माणूस तोच हाये ना? का तोही बदलला?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लगनाचा मुहूर्त साधला आन रस्त्यात बैल बदलले, तर नवरीले वापस नेऊन पुन्हा हळद लावतेत का? हे भाऊजी गेल्या महिन्यात चांगल्या दिवशी निघाले. तवाच निघाले. उद्या अमावस असो का गिरान असो, ते मागं राह्यलेल्या माणसाईले. निघालेल्या माणसाले काय त्याचं?"

निवृत्ती इंद्रभानकडे वळून म्हणाला, "हिच्यासंग बोलाची सोय नाई. मावशीले मी काय सांगू?"

"सांगजा, तो आमच्या इथून गेला नाई. आमच्या इथून फक्त पुढं गेला," चांगुणा म्हणाली.

इंद्रभानला हे सगळंच्या सगळं समजलं असं नाही. निवृत्तीचं बरोबर होतं, आणि चांगुणाचंही बरोबर होतं. पण घरी न जाता निघता येईल असं बोलणारं एक माणूस त्याला भेटलं होतं. त्यानं ट्रंकेतल्या कोटाची घडी मोडली.

सकाळी पॅसेंजरला गर्दी नव्हती. चांगुणानं फळीवरची पुरचुंडी त्याच्या ट्रंकेत ठेवली होती आणि बोटीसाठी भाजलेलं पीठ, तिखट, गुळाची ढेप आणि आंब्याचं लोणचं एका डब्यात भरून दिलं होतं. निवृत्ती गाडीबरोबर थोडा चालला, शेजारच्या रुळाच्या जोडाजोडांवर पाय ठेवत, कामाच्या सवयीनं खाली पाहत.

"भिऊ नको बे," तो म्हणाला. "आन भेव वाटलं तर वाटू दे."

गाडी खामखेड सोडून पुढे गेली. इंद्रभान खिडकीतून हद्दीची खूण शोधत होता. जिल्हा संपतो तिथं काहीतरी असेल, निदान एखादा दगड. तशीच काळी माती, तशीच तिफणीमागची माणसं दिसत राहिली, आणि मग पुढच्या जिल्ह्यातलं बोदवड आलं.

तो पाणी प्यायला उतरला. नळावर एक बाई घागर भरत होती. हमाल पोत्यांना टेकून बिड्या ओढत होते. स्टेशनमास्तर हिरवं निशाण काखेत धरून कुणाशी तरी बोलत होते. इंद्रभान नव्या कोटात त्यांच्यामधून गेला, पाणी प्याला, तोंड पुसलं. कुणी वळून पाहिलं नाही. अजून गेला नाही का, असं कुणी विचारलं नाही. कधी आला, असंही विचारलं नाही. या फलाटावर तो डोणगावचा नव्हता, भगवंतरावांचा मुलगा नव्हता, कुणाचा भाचा किंवा मावसभाऊ नव्हता. इथून पुढे खोरमशहरपर्यंत आणि त्याच्याही पुढे सगळे फलाट असेच असणार होते.

त्याला भीती वाटली. महिनाभर डोक्यात जे गुंतलेलं होतं त्यापेक्षा ही वेगळी होती. ती कशाची हे त्याला नीट सांगता आलं असतं.

गार्डनं शिट्टी दिली. दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पाय आवरून त्याला वाट करून दिली. इंद्रभान वर चढला आणि गाडी हलायच्या आत त्यानं ट्रंक बाकाखाली आत ढकलून ठेवली.